जिनिंगचं व्याकरण

वणीला आमचं घर जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीला लागून असलेल्या गल्लीत होतं. कापसाचे दिवस सुरू झाले की बैलबंड्यांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत यायची. बैलांच्या गळ्यातली घुंगरं, गाडीवानांच्या बिड्यांचा वास, आणि या सगळ्याखाली यंत्रांची घरघर. ती इतकी सारखी चालायची की बंद पडली म्हणजेच तिच्याकडे लक्ष जायचं. कापसाचे तंतू उडत येऊन आईच्या वाळत घातलेल्या लुगड्यांना चिकटायचे, लोणच्याच्या बरणीवर बांधलेल्या फडक्यावर बसायचे. आई सकाळी तुळशीवृंदावन पुसताना म्हणायची, "देवालाही म्हातारं केलं या जिनिंगनं." बाबा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. गावात कोणताही साहेब आला की त्याचं जेवण आमच्याकडे ठरलेलं असायचं, आणि आई त्याला कधी मान म्हणायची, कधी वेठबिगार.

शाळेबद्दल लिहिताना मागच्या प्रकरणांत मी एक वर्ष ओलांडून गेलो. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या ते लक्षात येणार नव्हतं. माझ्या मात्र लिहितानाच लक्षात होतं, आणि आता ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्या वर्षी आमच्या मागच्या खोलीत धर्माळे सर भाड्यानं राहायला आले. अमरावतीकडचे, अंगानं बारीक, लग्न व्हायचं होतं. शाळेत इंग्रजी शिकवायला त्यांना तात्पुरतं घेतलं होतं. शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टी साहेबांची तपासणी चांगली झाली तर नोकरी कायम होणार होती, आणि नोकरी कायम झाली की अमरावतीला एकट्या राहणाऱ्या आईला ते इकडे आणणार होते. हे त्यांनी माझ्या आईला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. आई कधी त्यांना वाटीभर वरण नेऊन द्यायची, कधी ज्वारीची ऊन भाकर. ते म्हणायचे, "वहिनी, सवय लावून नका ठेवू." आई म्हणायची, "तुमची आई आली की बंद."

इंग्रजी हा तेव्हा आमच्या भागात पोरं गाळायचाच विषय होता. मॅट्रिकला बाकी सगळ्यांत पास झालेला मुलगा इंग्रजीत नापास व्हायचा आणि कापसाच्या काट्यावर वजनं मांडायला लागायचा. सरांच्या आधीचे मास्तर व्याकरण पाठ करून घेत. धातुसाधित नाम, म्हणजे जिरंड, आम्हाला असं येत होतं: क्रियापदाला आय-एन-जी लागलं आणि ते नामाचं काम करू लागलं म्हणजे जिरंड, उदाहरण, स्विमिंग इज अ गुड एक्सरसाइज. हे आम्ही एका दमात म्हणायचो. सरांनी पहिल्या दिवशी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोहता कोणाला येतं?" नदीकाठची दोन-तीन पोरं उभी राहिली. "एक्सरसाइज म्हणून पोहता का रे?" त्यातला एक म्हणाला, "नाही सर, म्हशी धुवाले जातो." वर्ग हसला, सरही हसले, आणि फळ्यावरचं ते वाक्य त्यांनी पुसून टाकलं.

मग त्यांनी दोन वाक्यं लिहिली. ही इज सिंगिंग. ही लाइक्स सिंगिंग. दोन्हीकडे शब्द तोच. "आता सिंगिंग काढा आणि तिथं 'हे काम' असं ठेवून पाहा," ते म्हणाले. "त्याला हे काम आवडतं. बसलं की नाही? आता पहिलं वाक्य. तो हे काम आहे. बसतं का? नाही बसत. कारण तिथं तो गाऊन राहिला आहे, काम चालू आहे. आवडतं म्हटलं तिथं काम चालू नाही, कामाचं नाव घेतलं आहे. नाव घेतलं की ते जिरंड."

मागच्या बाकावर अजीज बसायचा. हुसेन मिस्त्रींचा मुलगा. चांद्याच्या रस्त्यावर, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या रस्त्यावर, मिस्त्रींचं इंजिनदुरुस्तीचं दुकान होतं. जिनिंगचं यंत्र अडलं तरी त्यांनाच बोलावणं जायचं. अजीजच्या नखांत ग्रीस असायचं आणि त्यावरून त्याला बोलणारी पोरं होती. त्यात कधी कधी मीही होतो. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मंग जिनिंग काय होय? माहे अब्बा जिनिंगमधी जातो म्हणते. तिथं 'हे काम' बसते."

सर खडू हातात धरून थांबले. "अजून सांग."

"प्रेसिंग. वेल्डिंग. इंजिनाचं बोरिंग करतात ते."

"म्हणजे तू लहानपणापासून जिरंड बोलून राहिला आहेस बे," सर म्हणाले, आणि वर्गात इतका आवाज झाला की शेजारच्या वर्गाचे मास्तर दारात येऊन पाहून गेले. त्या दिवशी मधल्या सुटीत पोरं एकमेकांना ओरडून आय-एन-जीचे शब्द सांगत होती. कोळशाच्या ट्रकवरच्या क्लीनरच्या भावानं ड्रायव्हिंग आणलं, लॉन्ड्रीवाल्याच्या पोरानं वॉशिंग. मी पाठ केलेलं माझं वाक्य कोणाला नको होतं.

मी वर्गात पहिला यायचो. सर आमच्याच घरात राहत होते. त्यामुळे सर माझे आहेत असं मी धरून चाललो होतो. संध्याकाळी मागच्या ओसरीवर ते मला शिकवायचे आणि मी जेवढं विचारायचो तेवढंच सांगायचे. आता तिथं अजीजही येऊ लागला. तो विचारायचा नाही, भांडायचा. "टू नंतर धातूच येते म्हन्ता, मंग लूक फॉरवर्ड टू च्या पुढे आय-एन-जी काहून?" सरांना ते आवडायचं. आई दोघांना सारखेच मुरमुरे द्यायची, कांदा आणि कच्चं तेल घालून. फक्त अजीजचा वाडगा वेगळा होता आणि तो ओसरीवरच ठेवलेला असायचा. हे तेव्हा कोणाला खटकत नव्हतं, मला तर नाहीच.

आता तपासणीची रीत सांगायला हवी, कारण सगळं त्यावर फिरलं. डिप्टी साहेब वर्गात आले की मास्तरांनी प्रश्न विचारायचा आणि सगळ्या वर्गानं हात वर करायचा. एकही हात खाली दिसता कामा नये. ज्याला उत्तर येतं त्यानं पंजा उघडा ठेवायचा, ज्याला येत नाही त्यानं मूठ मिटायची. मास्तर उघड्या पंजांतलाच कोणी उठवायचे आणि साहेबांना वाटायचं, सगळा वर्ग तयार आहे. ही रीत धर्माळे सरांची नव्हती. आमच्या शाळेत ती हेडमास्तरांच्याही आधीपासूनची होती. सरांनी ती मोडायचं म्हटलं तेव्हा हेडमास्तर व्हरांड्यात त्यांना म्हणाले, "धर्माळे, तुम्ही कायम व्हा आधी. मग सुधारणा करा." मी तिथंच हजेरीपट घेऊन उभा होतो.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी सरांनी ओसरीवर आम्हाला सांगितलं की जिरंडचा प्रश्न अजीजला विचारतील. "तुझं उदाहरण आहे, तूच सांग," ते त्याला म्हणाले. मला म्हणाले, "मधू, तुला काळाचा विचारतो." मी मान हलवली. रात्री नीट जेवलो नाही. आईनं विचारलं तेव्हा पोट दुखतं म्हणून सांगितलं.

साहेबांची जीप यवतमाळहून सकाळी उशिरा आली, तीही धक्के खात. ड्रायव्हरनं हुसेन मिस्त्रींना बोलावून घेतलं. वर्गात सगळं ठरल्यासारखं झालं. प्रश्न आला, हात वर गेले, अजीज उठला आणि त्यानं जिनिंगचं सांगितलं, 'हे काम' ठेवून दाखवलं, अडखळत का होईना इंग्रजीतूनही सांगितलं. साहेब खुर्चीत पुढे सरकले. मला काळाचा प्रश्न आलाच नाही. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली.

तपासणीच्या दिवशी शाळेतल्या कोणाबरोबर जेवायचं नाही, हा साहेबांचा नेम होता. म्हणून ते एकटेच आमच्याकडे आले. आईनं पहाटेपासून रांधलं होतं. पुरणपोळी, गोळाभात, कढी, आणि सांबारवडी. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. थंडीतल्या कोवळ्या सांबाराची ती वडी आईच्या हातची प्रसिद्ध होती. बाबा साहेबांच्या शेजारच्या पाटावर बसले होते आणि मी वाढत होतो. शाळेतून मला त्यासाठीच घरी पाठवलं होतं.

"पोरं तयार आहेत हो तुमच्या शाळेतली," साहेब म्हणाले. "ते जिनिंगवालं पोरगं कोणाचं?"

"हुसेन मिस्त्रीचं," बाबा म्हणाले. "इंजिनं दुरुस्त करतो."

"बुद्धी आहे. अशा पोराला पुढे शिकवलं पाहिजे." मग माझ्याकडे पाहून हसत, "आणि तुला काय येतं रे? नुसती कढी वाढता येते?"

ते थट्टेनंच बोलले. बाबाही हसले. माझ्या हातात कढीचं भांडं होतं. मी म्हणालो, "सगळ्यांना नाही येत साहेब. पंजा उघडा असला तर येतं. मूठ असली तर येत नाही. ते ठरवलेलं असतं."

साहेबांचा हात पानावर थांबला. "असं का," ते म्हणाले, आणि कढीसाठी वाटी पुढे केली. बाबा पानाकडे पाहत राहिले. आत स्वयंपाकघरात आई पोळी लाटत होती. लाटण्याचा आवाज बंद झाला, आणि तव्यावरची पोळी जळाल्याचा वास बाहेर आला. आईच्या हातून पोळी जळालेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुपारी साहेब पुन्हा आमच्याच वर्गात आले. काहीतरी साधा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला. हात वर गेले. "हात तसेच ठेवा," ते म्हणाले. "मूठ असलेल्यांनी उभं राहा." आधी कोणी हललं नाही. मग एक उभा राहिला, मग दुसरा, आणि अर्ध्याहून जास्त वर्ग मुठी वर करून उभा होता. साहेबांनी सरांना विचारलं, "ही पद्धत कोणाची?" सरांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर खिडकीतून मैदानाकडे पाहत होते. सर म्हणाले, "माझा वर्ग आहे साहेब. माझीच म्हणा."

शाळा सुटायच्या आधीच कोणी फोडलं याचा शोध सुरू झाला आणि लगेच संपलाही. जेवणाच्या सुटीत अजीज वडिलांना हत्यारं द्यायला जीपपाशी गेला होता. ड्रायव्हरशी बोलत पुढच्या सीटवर बसलेलं पोरांनी त्याला पाहिलं होतं. माझं नाव कोणाच्या मनातही आलं नाही. "अज्ज्या, जीपमधी बसाले भेटलं म्हणून सांगतलं का बे?" "सायबाचा ड्रायवर होशीन तू." तो ज्याच्या त्याच्याकडे वळून म्हणत होता, "म्या नाही सांगतलं. आईची आन, म्या नाही सांगतलं." एकदा तो माझ्याकडे वळला. "मधू, तू सांग ना या पोरायले. तुले माहीत हाये म्या असं नाही करत." मी म्हणालो, "मी तर घरी होतो, मला काय माहीत."

हेडमास्तरांनी हुसेन मिस्त्रींना बोलावून घेतलं. ते जीपखालून उठून तसेच आले, अंगभर ऑइल. हेडमास्तरांचं ऐकून घेतलं आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर मुलाच्या कानाखाली मारली. "सच बोल." अजीज म्हणाला, "नहीं बोला, अब्बा." दुसरी मारली. मिस्त्री फार बोलणारे नव्हते. त्यांनी सरांपुढे हात जोडले. म्हणाले, "मास्तर, तुमी याले आपल्या घरी बसवून शिकवलं अन् यानं असं केलं. माह्यी मान खाली गेली." सर म्हणत होते, "मारू नका त्याला, मिस्त्री. पोरगं आहे. माझा त्याच्यावर राग नाही." त्यानंच फोडलं असं सरांनाही खरंच वाटलं होतं. अजीजनं ते ऐकलं, आणि त्यानंतर तो नाही म्हणायचाही थांबला.

त्या संध्याकाळी बाबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीदा तरी वाटलं. ते आईला म्हणाले, "झालं ते झालं. या घरातून शब्द बाहेर जाता कामा नये. साहेबांपुढं माझ्या पोरानं फोडलं म्हटलं तर मी गावात तोंड कसं दाखवू?"

आई म्हणाली, "आणि त्या पोराचं?"

"मिस्त्रीचं पोर आहे. हातात कसब आहे. उपाशी नाही मरणार."

मी दाराआड उभा राहून ऐकत होतो, आणि बाबांचं म्हणणं मला पटलं. हे मला इथं मुद्दाम लिहायचं आहे. भीती वाटत होती म्हणून मी गप्प राहिलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. भीती होतीच. पण अजीजचं काय व्हायचं ते मिस्त्रीच्या पोराचं होतंच तसं होईल, हेही मला तेव्हा बरोबर वाटलं होतं.

सरांची मुदत वाढवली नाही. मार्च संपता संपता त्यांनी खोली सोडली. आईनं त्यांना वाटेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दारात ते म्हणाले, "वहिनी, त्या अजीजला शाळेत आणायचं बघा. कोणी त्याला काही बोलू नये एवढं सांगा. आईला आणायचं राहिलंच माझं." आईनं दाराची चौकट धरली होती. तिचे ओठ हललेले मी पाहिले. बाबा मागे उभे होते. ती एवढंच म्हणाली, "सावकाश जा." पुढे सर कुठे गेले, कायम झाले की नाही, मला कळलं नाही. मी शोधही घेतला नाही. अजीज तपासणीनंतर आठवडाभर शाळेत आला, वेगळा बसला, आणि मग आला नाही.

मी इंग्रजीचाच शिक्षक झालो. यवतमाळ जिल्ह्यातल्या निरनिराळ्या गावांत नोकरी केली आणि हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. जिरंडचा धडा मी कायम जिनिंगपासून सुरू करायचो. 'हे काम' ठेवून पाहायला सांगायचो. पोरांना ते लगेच समजायचं. माझे विद्यार्थी आजही भेटले की म्हणतात, सर, तुमचं ते जिनिंगचं व्याकरण विसरलो नाही. मी हसून घेतो. दरवर्षी एक धडा असाही यायचा की रिग्रेट या क्रियापदापुढे जिरंड आलं तर केलेल्या गोष्टीचा पस्तावा असतो. त्याला उदाहरण म्हणून मी छत्री उसनी दिल्याचं वाक्य लिहायचो. तेच वाक्य, सगळी वर्षं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या बॅचचा स्नेहमेळावा वणीलाच झाला. उरलेले म्हातारे आले होते. ज्यांची मॅट्रिक झाली नाही त्यांनाही कोणीतरी आग्रहानं बोलावलं होतं, म्हणून अजीजही आला. पांढरी दाढी, गुडघे गेलेले. जेवणानंतर एकानं माइक घेऊन जुन्या गमती सांगायला सुरुवात केली आणि मुठीची गोष्ट काढली. "अन् आपल्या अज्ज्यानं एका जीपच्या फेरीसाठी सगळी शाळा इकली," असं म्हणाला. सगळे हसले. अजीजही हसला. म्हणाला, "आता म्हाताऱ्याले तरी सोडा बे." मी पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीवर होतो. मला तिथंही उठता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दुकानावर गेलो. आता त्याचा मुलगा विहिरीतले पंप दुरुस्त करतो, अजीज बाहेर खुर्ची टाकून बसतो. त्यानं चहा मागवला. मी चहा येण्याआधीच सांगितलं. जेवण, कढी, साहेबांचं हसणं, बाबांचं बोलणं, सगळं. तो माझ्याकडे न पाहता ऐकत होता. आत मुलानं मोटार चालू करून पाहिली, बंद केली.

"मंग मले काहून सांगून राह्यला?" तो म्हणाला. "मले तर मालूमच होतं ना, म्या नाही सांगतलं म्हणून."

मी म्हणालो, "तू माफ करावं म्हणून आलो नाही."

"माफीचं राहू दे. मी धंदा केला, पोरं मोठी केली. इंग्रजी नसती आली तरी मरत नव्हतो." त्याचा आवाज चढला नव्हता. "माहा बाप मेला तवा मी त्याच्या खाटेपाशी होतो. म्या म्हटलं, अब्बा, ती मास्तरची गोष्ट म्या नव्हती केली. तर त्यानं हात हलवला. म्हणे, जाऊ दे बेटा, मैंने माफ किया. समजलं का तुले? त्यानं मले माफ केलं. त्याले अखेरपर्यंत खरं नाही वाटलं."

चहा आला होता. दोघांनीही घेतला नाही.

"काल तिथं सगळे होते," तो म्हणाला. "तिथं नाही बोलला तू."

"नाही बोललो."

"मंग आता त्या सगळ्यायले समजलं पायजे. तू पुस्तक लिहून राह्यला म्हणते लोक. त्यात लिही. माह्यं नाव नाही टाकलं तरी चालते. बापाचं टाक."

म्हणून त्याच्या वडिलांचं नाव मी या प्रकरणात लिहिलं आहे, आणि छापून आल्यावर पुढच्या मेळाव्यात हे पान मी माइकवर उभं राहून वाचणार आहे. हुसेन मिस्त्री, त्या दिवशी तुमचा मुलगा तुमच्याशी खोटं बोलला नाही. साहेबांना मी सांगितलं, आमच्या घरात, त्यांच्या पानात कढी वाढताना. माझ्या आईवडिलांना ते माहीत होतं. तुम्हाला सांगायला आमच्यापैकी कोणी आलं नाही.